जितूच्या हातातला ओळंबा

थोरल्या बहिणीचं, अक्काचं, पत्र आलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती. अजूनही आंतर्देशीय पत्र लिहिणारी माझ्या माहितीतली ती एकटीच. तिला कमी ऐकू येतं. फोनवर नुसतं ‘हॅलो, हॅलो’ होतं आणि शेवटी ती रागावून फोन दिव्याच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, हातात देते. मग डोंबिवलीच्या घरात खिडकीशी बसून ती मला पत्र लिहिते.

‘जितूने नोकरी सोडून गावात गाडी घेतली,’ तिने लिहिलं होतं. ‘मला विचारलं नाही. तुलाही विचारलं नसेल. फोनवर तो छान चाललंय म्हणतो, संचिताही छान म्हणते. सगळेच छान म्हणायला लागले की मला झोप येत नाही. तू मला कधी खोटं सांगितलेलं नाहीस. माझा मुलगा बरा आहे का, ते तू लिही. तू लिहिलंस की मी विश्वास ठेवीन.’

मी लगेच कागद घेतला. ‘जितू मजेत आहे’ असं लिहिलं आणि थांबलो. तो मजेत आहे हे मला कसं कळणार? माझं आयुष्य मालवणच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलं. पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते मी डोळे मिटून सांगत असे. समोरच्या माणसाच्या मनात काय आहे ते विचारायचं धाडस मला क्वचितच झालं. थोडे दिवस बघू, मग लिहू, असं म्हणून मी तो कागद बाजूला ठेवला.

आमचं घर तोंडवलीत, तळाशीलकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. इथे गाव म्हणजे वाळूची एक लांब पट्टी. पश्चिमेला सुरूचं बन आणि त्याच्यामागे समुद्र, पूर्वेला खाडी. मधून रस्ता. मी एकटाच राहत होतो. जितू आणि त्याची बायको संचिता आली तेव्हा घरात माणसांचे आवाज सुरू झाले आणि मी वाचत असलेलं पान मला पुन्हा पुन्हा वाचावं लागू लागलं. त्याचा मला त्रास होत नव्हता, हे मी कोणाला सांगितलं नाही.

जितूने जुनी जीप घेतली होती. पर्यटकांना वाळूतून, खाडीकाठच्या चिखलातून फिरवायचं, हा धंदा. त्यासाठी गाडी उंच हवी. म्हणून त्याने गाडीचे मूळचे स्प्रिंग आणि शॉकअप काढून टाकले आणि बाजारात मिळणारे जाड, उंच स्प्रिंग मागवले. खोक्यातून इंग्रजी माहितीपत्रक आलं. ते वाचून अर्थ सांगायचं काम माझं.

“मामानू, तुमी नुसते वाचा. नट मिया फिरवतंय.”

स्प्रिंग बसले. पण स्प्रिंग बदलले की चाकांच्या दिशा बिघडतात. पुढची दोन चाकं जवळजवळ समांतर, अगदी किंचित आत तोंड करून असावी लागतात. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. कुडाळला हे काम यंत्रावर करतात. तिथल्या माणसाने गाडीखाली वाकून पाहिलं आणि बाहेरचा माल लावलेल्या गाडीला मी हात लावणार नाही, असं सांगून तो दुसऱ्या गाडीकडे वळला.

“घराकडेच करूया,” जितू म्हणाला.

रीत सोपी होती. गाडीच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकायच्या आणि दोन दोऱ्या ताणून बांधायच्या, एकमेकींना समांतर. मग दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंतचं आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. फरक दिसला की चाकामागच्या दांड्याचा नट फिरवून चाक वळवायचं. सरळ म्हणजे काय, ते दोरी ठरवते. बाकी सगळं तिच्यावरून.

जागा सपाट हवी होती. खळं नुकतंच तयार झालं होतं. पावसाळ्यात उखडलेलं अंगण आम्ही दिवाळीच्या सुमाराला माती घालून, पाणी मारून, चोपून पुन्हा सारखं करतो. सारवण वाळतंय न वाळतंय तोच जितूने त्यावर जीप चढवली.

संचिता दारात आली. “तुझे पावणे येवन चोपल्यानी नाय ह्या खळा, मिया चोपलंय. चाकाचो एक वळ दिसलो तर तुका थयसरच आडवो करतलंय.”

“कर. वरसून सारवन घाल म्हंजे झाला.”

ती हसली नाही, पण आत जाऊन तिने आम्हा दोघांना चहा आणून दिला.

दोरीवरून अडलं. सुंभ विसविशीत, सुताची दोरी उन्हात ढिली पडते. जितू किनाऱ्यावर एक फेरी मारून आला तो खांद्यावर पांढऱ्या नायलॉनच्या दोरीचं वेटोळं टाकूनच. एक जाळं वाहून आलं होतं, त्याची ही वरची दोरी. लांबच लांब, कुठे गाठ नाही, कुठे झीज नाही.

शेजारचा बाबली खुंट्या ठोकायला आला होता. त्याचा जन्म मासेमारीत गेलेला. हातातला दगड तसाच धरून तो दोरीकडे बघत राहिला.

“ही खंयसून हाडलंस?”

“दर्यान दिली. तुमका देणा नाय काय कधी?”

“वाह्यलेल्या जाळ्याक आमी हात लावणव नाय रे. जेचा आसता, तो सोधूक येता.”

“येवंदे. चाय पाजतंय तेका. मामा पुस्तक वाचून दाखयतले.”

“मस्करी नको करू, मेल्या.”

“बाबलीकाका, ह्या काय होडयेक बांधूचा नाय हा. वायच दोरी धरूची, माप घेवचा, सोडूची.”

वाहून आलेलं जाळं दिसलं की बाबलीच्या वाडीतली माणसं ते वर ओढून ठेवतात आणि धन्याची वाट बघतात, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या मालाला हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ मी समजत आलो होतो. बाबलीने दगड खुंटीशेजारी नीट ठेवला, घरी काहीतरी राहिल्याचं त्याला आठवलं, आणि तो गेला.

जितूने दोरीचं एक टोक खुंटीला बांधलं, दुसरं मनगटाभोवती दोन वेढे घेऊन अंग मागे टाकून ओढलं. दोरी ताठ झाली. मग त्याने ते टोकही बांधलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं.

मी खाली बसून स्टीलची पट्टी धरली. चष्मा पुसला. आकडा वाचला, खात्री नाही म्हणून पुन्हा वाचला.

“मामानू, पट्टी आसा ती. कादंबरी नाय.”

तेव्हा मला दोरी नीट दिसली. इतक्या लांब दोरीला मधे थोडा झोळ पडतोच. हिला पडला नव्हता. दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला होता, माडांच्या झावळ्या वाजत होत्या, वाळत घातलेली लुगडी फडफडत होती. दोरी हलत नव्हती. मी बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं. सबंध दुपार उन्हात ताणलेली नायलॉनची दोरी ओली राहत नाही, हे मला माहीत होतं. पण मला माहीत असलेल्या गोष्टींवर माझा भरवसा कधीच फारसा नसतो. मी बोट धोतराला पुसलं आणि पुढचं माप सांगितलं.

माप लवकर जमलं. जितूने लॉकनट आवळले, हात झटकले आणि म्हणाला, “सरळ. ह्येच्यापेक्षा सरळ काय नाय.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळाशीलपर्यंत जाऊन आलो. जाताना गाडी उजवीकडे ओढत होती. जितू स्टिअरिंग डावीकडे धरून बसला होता. “थोडा रवला हा काम,” तो म्हणाला. परत येताना गाडी डावीकडे ओढू लागली.

आमचे रस्ते मधे उंच आणि कडांना उतरते. डाव्या बाजूने चालणारी गाडी थोडी डावीकडे जाणारच. माहितीपत्रकातही तसं होतं. पण मग जाताना उजवीकडे ओढण्याचं कारण काय? तो तर चढ. आणि चाकं चुकली असतील तर गाडी एकाच बाजूला ओढेल. गाडी फिरवली म्हणून चूक बाजू बदलत नाही. घरी येईपर्यंत मी हे मनात उलटसुलट केलं. बोललो नाही. यंत्रातलं मला काय कळतं?

दोन्ही फेऱ्यांत गाडी ज्या बाजूला ओढत होती, समुद्र मात्र त्याच बाजूला होता. हेही मी बोललो नाही.

त्याने पुन्हा माप घेतलं. बरोबर. डावी-उजवी चाकं अदलाबदल केली. तळाशीलला जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. तो सबंध आठवडा त्याने गाडीखाली काढला. आचऱ्याला दोन पर्यटक थांबून थांबून दुसऱ्या गाडीने गेले.

शेवटी संचिताने पदर खोचला. “उतर. माका बघूंदे.”

ती मुंबईत गाडी शिकली होती. मी तिच्या शेजारी बसलो, जितू मागे. तळाशीलपर्यंत तिने जीप जणू रुळावरून नेली. मधेच दोन्ही हात सोडून दाखवले.

“गाडयेक काय जाला नाय. तुझ्या हाताक जाला हा,” ती म्हणाली. “घराकडे चलतंस ता पण एका अंगानच.”

मी मागे वळून पाहिलं. तो उजव्या खिडकीला चिकटून बसला होता, गाल काचेला दाबलेला. मला वाटलं समुद्र बघतोय. तळाशीलला गाडी वळवली आणि आम्ही परत निघालो तेव्हा तो सीटवरून सरकत गेला, हळूहळू, हात सीटवर रोवलेले असूनही, आणि डाव्या खिडकीला जाऊन टेकला.

“काय खेळ चाललो हा तुझो?” संचिता आरशात बघत म्हणाली.

“खेळ नाय,” तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याला अजून एक गोष्ट तपासायची होती. म्हणजे चूक त्याला गाडीतच सापडायला हवी होती, असं मला आता वाटतं. चाक वरून आत किंवा बाहेर झुकलं असलं तरी गाडी ओढते. ते बघायला ओळंबा लागतो. एका गवंड्याकडून त्याने तो मागून आणला होता. दोरा आणि खाली पितळी वजन, बाकी काही नाही. ओळंबा चुकत नाही.

जीप खळ्यात उत्तरेकडे तोंड करून उभी होती. जितूने दोरा डाव्या चाकाच्या वरच्या कडेला धरला. वजन खाली गेलं, थोडं झुललं, आणि चाकापासून बाहेर, तळहाताएवढं दूर जाऊन थांबलं.

“चाक वाकडा आसा,” तो म्हणाला. त्याचा आवाज आनंदाचा होता.

उजव्या चाकाशी धरला तेव्हा वजन आत आलं आणि टायरला टेकलं.

म्हणजे दोन्ही चाकं एकाच दिशेला कललेली. पश्चिमेला. “वायच माका दी,” मी म्हटलं. मी दोरा धरला. माझा हात नेहमी थोडा थरथरतो, त्यामुळे वजन बराच वेळ डोलत राहिलं. मग स्थिर झालं. दोरा चाकाला लागून सरळ खाली उतरला होता. दुसऱ्या चाकाशीही तसाच.

मी तो जितूकडे परत दिला.

आम्ही गाडीपासून दूर, खळ्याच्या मधोमध आलो. भर दुपार होती. त्याने हात लांब केला. वजन खाली लटकलं आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकलं. तिथे थांबलं. झुलत नव्हतं. दोरा तिरका, ताठ, आणि वजनाची सावली त्याच्या पायापासून भलतीकडेच.

संचिता सूप हातात घेऊन ओट्यावर उभी होती.

“हात हलता तुझो,” ती म्हणाली.

“नाय हलणा.”

“मगे?”

कोंबडी खळ्यातून आडवी गेली. जितूने दोरा वजनाभोवती काळजीपूर्वक गुंडाळला आणि तो माझ्या हातात देऊन म्हणाला, “गवंड्याचा तेका देवन या, मामानू.”

*

जे करायचं ते आम्ही केलं. बाबली स्वतः जितूला होडीत घेऊन गेला. नारळ वाहिला, दोरी पाण्यात सोडली. पुढे कधीतरी मी विचारलं तेव्हा बाबली एवढंच म्हणाला, की ती बुडाली नाही. वाऱ्याच्या तोंडावर, ताणलेली असावी तशी, सरळ आत गेली.

देवळात गाऱ्हाणं घातलं. मानकऱ्याने हात जोडले. “ह्या लेकराच्या वाटेत काय वाकडा-नाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा,” तो म्हणाला, आणि आम्ही सगळे “होय म्हाराजा” म्हणालो. सरळ हा शब्द ऐकून मी जितूकडे पाहिलं. तो खांबाला हात लावून उभा होता. हात काढला असता तर समुद्राकडे चालू लागला असता.

कानाच्या डॉक्टरने सांगितलं की माणसाचा तोल कानात असतो. गोळ्या दिल्या. मला ते पटलं; पटावं असं फार वाटत होतं. माणसाचा तोल कानात असेल, पण पितळी वजनाचा कुठे असतो, हे मी डॉक्टरला विचारलं नाही.

मग संचिताने ठरवलं, की समुद्रच नको. कोल्हापूरला तिचा मावसभाऊ होता. एका पहाटे तिने जितूला जीपमध्ये बसवलं आणि फोंडा घाटाने निघाली. संध्याकाळी दोघं परत आली. जितूला उतरवायला मी आणि बाबली दोघं लागलो.

“घाट चडलव आणि तेका सास घेवक येयना,” संचिता म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. “सीटीत मागे रुतलो हुतो. छातयेर कोणी पाय देवन उबो आसा तसो. राधानगरी येवच्या आधीच फिरवलंय गाडी. जसो जसो दर्या लागी इलो, तसो तसो तो बोलाक लागलो. कणकवलेक तर भजी मागून खाल्ल्यान.”

“मगे?” बाबलीने विचारलं.

“मगे काय. जितक्या लांब नेव, तितक्या जास्त.”

बाबलीने मान खाली घातली. त्याला त्यातलं काही समजलं होतं असं नाही. मलाही नाही. फक्त खुंटीला बांधलेली दोरी आणि मनगटावर घेतलेले दोन वेढे माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते.

त्यानंतर जितू किनाऱ्यावर बसू लागला. तिथे त्याला बरं वाटायचं. संचिताने प्लास्टिकची खुर्ची सुरूच्या सावलीत नेऊन ठेवली. थोड्या दिवसांनी ती सुक्या वाळूवर आली. मग ओल्या वाळूवर. संध्याकाळी आम्ही दोघं त्याला दोन्ही दंडांना धरून घरी आणत असू. वाऱ्याविरुद्ध शीड ओढावं तसं. त्याची खाट आम्ही पश्चिमेच्या भिंतीला लावली होती. भिंतीचा रंग त्याच्या खांद्याच्या उंचीवर घासून गेला.

पर्यटक येत. एखादं पोरगं त्याच्याबरोबर फोटो काढी. पाण्यात खुर्ची टाकून बसलेला माणूस त्यांना मजेदार वाटे.

एका दुपारी मी त्याच्याजवळ गेलो. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. मी धोतर वर धरून उभा राहिलो.

“हयसर बरा वाटता, मामानू,” तो म्हणाला. “अगदी सरळ. कसली वोड नाय.”

“कालपण हयसरच बसलं हुतंस?”

“काल थय.” त्याने मागे, कोरड्या वाळूकडे बोट केलं. मग म्हणाला, “आयेक लिवलास?”

“नाय.”

“काय इचारल्यान हा?”

“तू बरो आसस काय ता.”

“मगे लिवा, बरो आसा.”

“तू बरो आसस?”

“हयसर बसलंय तवसर आसंय,” तो म्हणाला. “आयेक हाडू नकात हा हय. ती माका हाताक धरून वोडीत. आणि सोडूची नाय.”

मी हो म्हटलं. त्याचा दंड धरून पाहिला. हाताला काही लागलं नाही. साधा, उन्हाने तापलेला दंड. मी त्याला किनाऱ्याकडे एक पाऊल ओढलं. तो ओरडला नाही, फक्त चेहरा पांढरा पडला. मी सोडलं.

पौष संपता संपता पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं.

आम्ही त्याला घरी आणणं थांबवलं होतं. संचिता डबा घेऊन पाण्यात जाई. तो जेवे. ती त्याचं तोंड पुसून परत येई. गाव आधी बघायला यायचं. मग येईनासं झालं.

एका दुपारी ती डबा तसाच घेऊन परत आली.

खुर्ची पाण्यात होती. पडलेली नव्हती.

समुद्र शांत होता.

पोलीस आले. होड्या फिरल्या. पंचनामा झाला. काही सापडलं नाही. संचिताने कागदावर सही केली नाही. “तो खंय हरावलो नाय,” एवढंच ती म्हणाली.

दिव्याचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. “मामा, आईला आम्ही काही सांगितलेलं नाही. तिला सोसणार नाही. पण ती रोज विचारते, मामाचं पत्र आलं का. तुम्ही काहीतरी लिहा ना. बरा आहे म्हणून लिहा.”

मी हो म्हटलं. कागद घेतला. ‘जितू’ एवढंच लिहून झालं. अक्काला मी खोटं कसं लिहू? आणि खरं काय होतं?

*

संचिता डबा नेत राहिली.

भात, कढी, तळलेला मासा. गुडघाभर पाण्यात जाऊन ती डबा पाण्यावर ठेवी आणि वळून चालू लागे. मागे बघत नसे. मी तिला थांबवलं नाही. दुःखात माणसं काय काय करतात, ते मी पुस्तकांत वाचलं होतं. संध्याकाळी डबा किनाऱ्यावर येऊन पडलेला असे. रिकामा. लाटांनी येणारच, रिकामाही होणारच, असं मी मनाशी धरलं.

पण डब्याची कडी लावलेली असे.

ती स्वतःच रिकामा करून ठेवत असेल, असं मी ठरवलं. त्या विचाराने मला थोडं बरं वाटलं. तिची कीव आली.

शिमग्याच्या आसपास तिला ताप आला. उठवेना. “मामानू, डबो,” ती म्हणाली. घरात मासे होते, पण मला नीट तळता येत नाहीत. एक बांगडा कसाबसा भाजला. भात केला. खळ्यातल्या वेलावर दुधी होता, त्याची भाजी केली. सगळं मीच भरलं. कडी मीच लावली, दोनदा ओढून पाहिली.

गुडघाभर पाण्यात जाऊन मी डबा ठेवला. मी मागे बघितलं. मला बघायलाच हवं होतं.

भरती चालू होती. लाटा किनाऱ्याकडे येत होत्या. डबा त्यांच्या विरुद्ध गेला. डुचमळला नाही. दिसेनासा होईपर्यंत एकाच रेषेत.

मी सुरूखाली बसून राहिलो. दुसरं कोणी तिथे आलं नाही. ऊन कललं तेव्हा डबा ओल्या वाळूवर होता. तो केव्हा आला, ते मला दिसलं नाही.

कडी लावलेली होती.

आत पाणी नव्हतं. भात संपला होता. शितं बोटाने पुसून घेतलेली. बांगड्याचे काटे झाकणात एका कडेला रचून ठेवले होते. आणि दुधीची भाजी भरली होती तशीच होती. एक फोडही हललेली नव्हती.

दुधी जितूने लहानपणापासून कधी खाल्ला नाही.

मी डबा धुतला. हात पुसले. मग कागद घेतला. या वेळी अडलो नाही.

पोस्टातली अनुजा खिडकी बंद करत होती. “कोणाक? अक्कांक?” तिने विचारलं. मी मान हलवली. तिने शिक्का मारला आणि पत्र पिशवीत टाकलं.

‘अक्का,’ मी लिहिलं होतं, ‘उत्तराला उशीर झाला. जितू दुपारी पोटभर जेवतो. दुधी अजूनही खात नाही.’